दुसऱ्या अंकाचा प्रश्न

चित्रकथा हा शब्द उच्चारला की आपले समीक्षक एकतर हसतात, नाहीतर बालवाङ्मयाच्या कप्प्याकडे बोट दाखवून मोकळे होतात. दलित साहित्याच्या चर्चेत कविता आली, आत्मकथन आले, कथा आली. जलसा आणि शाहिरी यांना फार उशिरा का होईना, पण दाराच्या आत घेण्यात आले. चित्रकथा अजून बाहेरच उभी आहे. ती वाङ्मय आहे की नाही, हा वाद मला येथे घालायचा नाही. तो वाद ज्यांना हवा आहे त्यांनी खुशाल घालावा. मला जो प्रश्न महत्त्वाचा वाटतो तो वेगळा आहे. चित्रकथा काढतो कोण, कुणाच्या कागदावर काढतो, आणि ती वाचकाच्या हातात नेऊन देतो कोण? या तीन प्रश्नांची उत्तरे दिल्याशिवाय चित्रांवर केलेली सगळी समीक्षा अर्धवट राहते, असे माझे मत आहे.

यासाठी मी एक जुने उदाहरण घेतो. अमेरिकेतील काळ्या लोकांच्या साहित्याशी आपले नाते जुने आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना. पुढे म. ना. वानखडे, जनार्दन वाघमारे यांनी त्या साहित्याची ओळख आपल्या वाचकांना करून दिली. १९७२ साली मुंबईत ‘दलित पँथर’ स्थापन झाली तेव्हा नावसुद्धा तिकडूनच आले. आपण त्यांच्या कविता वाचल्या, कादंबऱ्या वाचल्या, त्यांच्या भाषणांतून बळ घेतले. पण पंधरा सेंट किमतीच्या एका ४८ पानी रंगीत चोपड्याकडे आपले लक्ष गेले नाही. त्याचे नाव ‘ऑल-नीग्रो कॉमिक्स’. जून १९४७ मध्ये तो फिलाडेल्फिया शहरातून निघाला. अंक एक. अंक दोन कधीच निघाला नाही.

तो काढणारे ऑरिन इव्हान्स हे पत्रकार होते. ‘फिलाडेल्फिया रेकॉर्ड’ या गोऱ्यांच्या मालकीच्या दैनिकात काम करणारे काळे बातमीदार त्या काळी विरळाच. इव्हान्स हे त्यांपैकी एक. सैन्यातल्या वर्णभेदावर त्यांनी लिहिले होते. १९४७ साली संपानंतर ते दैनिक बंद पडले आणि त्यांनी काही सहकाऱ्यांना बरोबर घेऊन ही कंपनी काढली. अंकाच्या आरंभीच त्यांनी वाचकाला सांगून टाकले की, यातली प्रत्येक रेघ काळ्या चित्रकारांच्या हातची आहे. आपल्याकडे ‘दलितांचे साहित्य कुणी लिहावे’ हा वाद रंगण्याच्या कितीतरी आधी एका माणसाने तो वाद संपादकीयात एका विधानाने निकाली काढला होता.

हे का करावे लागले, तेही पाहिले पाहिजे. त्या काळच्या गोऱ्यांच्या चित्रकथांत काळा माणूस येई तो जाड ओठांचा, डोळे वटारलेला, मोडकी भाषा बोलणारा नोकर म्हणून. ‘स्पिरिट’ या नावाजलेल्या चित्रमालिकेतला एबनी हे त्याचे एक उदाहरण. फॉसेट या मोठ्या प्रकाशनाच्या ‘कॅप्टन मार्व्हल’मधला स्टीमबोट हे दुसरे. या स्टीमबोटविरुद्ध न्यूयॉर्कच्या शाळकरी मुलांचे एक शिष्टमंडळ संपादकाला जाऊन भेटले, आणि १९४५ साली ते पात्र काढून टाकण्यात आले. शाळकरी मुलांनी! आपल्या पाठ्यपुस्तकांतली चित्रे पाहून कुणा मुलांचे शिष्टमंडळ असे गेल्याचे मला तरी आठवत नाही. पण पात्र काढून टाकणे हा नकार झाला. रिकाम्या झालेल्या जागी कोण येणार, हा प्रश्न नकाराने सुटत नाही. इव्हान्स यांनी त्या जागी माणसे आणून बसवण्याचा प्रयत्न केला.

प्रयत्न कसा होता? पूर्णपणे यशस्वी नव्हता, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. आपला माणूस म्हणून डोळे झाकून कौतुक करण्याने कुणाचेच भले होत नाही. अंकातली पहिली कथा एस हार्लेम या काळ्या गुप्तहेराची. चित्रकार जॉन टेरेल. नायक रुबाबदार, हुशार आणि आब राखून बोलणारा आहे. पण त्याने पकडलेले गुंडही काळेच, आणि त्यांचे ढगळ कपडे आणि त्यांची गल्लीतली बोली अशी रंगवली आहे की गोऱ्या चित्रकाराचा हात आठवावा. सभ्य काळा विरुद्ध असभ्य काळा अशी ही मांडणी आहे. आपल्याकडे शिकून वर गेलेल्या पांढरपेशाने वस्तीतल्या भावाकडे ज्या नजरेने पाहावे, तीच ही नजर. कायदा कुणाचा, पोलीस कुणाचे, हे ही कथा विचारत नाही.

‘लायन मॅन’ची कथा मला अधिक महत्त्वाची वाटते. ती इव्हान्स यांचे बंधू जॉर्ज यांनी चितारली आहे. नायक अमेरिकेत जन्मलेला, कॉलेजात शिकलेला तरुण शास्त्रज्ञ. संयुक्त राष्ट्रसंघाने त्याला आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टवर पाठवले आहे, कारण तिथल्या एका डोंगरात युरेनियम आहे आणि त्याचा बाँब झाला तर जग नष्ट होईल. तारीख लक्षात घ्या. हिरोशिमाला दोन वर्षे झाली नव्हती. गोल्ड कोस्ट ब्रिटिशांची वसाहत होता. घाना म्हणून तो स्वतंत्र झाला १९५७ साली. आणि फिलाडेल्फियातला एक काळा चित्रकार पोरांच्या चोपड्यात विचारत होता की आफ्रिकेच्या पोटातल्या खनिजावर राखण कुणाची असावी. नायकाच्या अंगावर मात्र टारझनसारखीच लंगोटी! कॉलेजात शिकलेल्या शास्त्रज्ञाला कपडे द्यायला काय हरकत होती, हे मला कळलेले नाही. जुना साचा मोडायचा ठरवला तरी हात त्याच वळणाने जातो, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण सापडणार नाही.

हे दोष दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या अंकात सुधारले असते. कोणताही लेखक, कोणतेही नियतकालिक असेच सुधारते. पण दुसरा अंक निघाला नाही. मजकूर नव्हता म्हणून नव्हे. तो तयार होता. वाचक नव्हते असे म्हणायलाही आधार नाही. कागद मिळाला नाही. ज्यांच्याकडून कागद घेतला होता त्यांनी पुढे तो द्यायचे नाकारले, आणि त्यामागे मोठे प्रकाशक व वितरक असावेत असा संशय या इतिहासाचे लेखन करणाऱ्यांनी नोंदवला आहे. पुढे १९५० साली ‘नीग्रो रोमान्स’ नावाचे मासिक निघाले. ते कुणी काढले? ज्यांच्या घरचा स्टीमबोट होता त्या फॉसेटने. तेही तीनच अंक चालले, ही गोष्ट वेगळी. बाजार आहे हे प्रस्थापितांना कळले होते. त्या बाजारात माल कुणी विकायचा हे मात्र त्यांनाच ठरवायचे होते. इव्हान्स पुन्हा वृत्तपत्राच्या नोकरीत गेले आणि १९७१ साली वारले.

आता पंधरा सेंटांकडे वळू. त्या काळी कॉमिकची नेहमीची किंमत दहा सेंट होती. लहान छपाईला प्रत महाग पडते, हे ज्याने कधी एखादे अनियतकालिक काढले आहे त्याला सांगावे लागत नाही. अमेरिकेत तेव्हा पद्धत अशी होती की प्रकाशक वितरकाला माल देई, वितरक स्टॉलवर टाकी, आणि न खपलेल्या प्रतींची मुखपृष्ठे फाडून परत केली की पैसे वळते होत. म्हणजे खपतील त्याहून कितीतरी जास्त प्रती छापायच्या, पैसे महिनोन्‌महिने अडकवून ठेवायचे, आणि शेवटी रद्दीचा भार स्वतः सोसायचा. ज्याच्यामागे भांडवल आहे त्याला हे परवडते. ज्याने बंद पडलेल्या नोकरीनंतर चार जणांच्या जोरावर अंक काढला, त्याला एकदाच परवडते.

बाबासाहेबांना हे पुरते ठाऊक होते. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला तो शाहू महाराजांनी दिलेल्या २५०० रुपयांच्या आधाराने. त्याची जाहिरात ‘केसरी’ने पैसे देऊ केले तरी छापली नाही. पुढे १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ काढला तेव्हा रकानेच्या रकाने त्यांनी एकट्याने लिहून काढले, आणि १९२९ मध्ये तोही थांबला. आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात आपण या पत्रांतील विचार शिकवतो, आणि ते योग्यच आहे. पण वर्गणी किती जमली, टपालाचा खर्च कोण करी, गावोगाव अंक कोण वाटी, हे कुणी शिकवत नाही. मी स्वतः वर्गात पुष्कळ वर्षे शिकवले. अभ्यासक्रमात तशी जागाच नव्हती.

अमेरिकेतलेच दुसरे उदाहरण याच्या उलट जाते. १९५७ च्या डिसेंबरात ‘फेलोशिप ऑफ रिकन्सिलिएशन’ या शांततावादी संघटनेने ‘मार्टिन ल्यूथर किंग अँड द माँटगोमेरी स्टोरी’ ही सोळा पानांची चित्रकथा काढली. किंमत दहा सेंट, प्रती अडीच लाख. बसवरील बहिष्काराची हकिगत त्यात आहे, आणि शेवटी हे आंदोलन कसे करायचे याची कृतीही आहे. कला म्हणून पाहिले तर ती सामान्य आहे. चित्रे नीटनेटकी, चेहरे गुळगुळीत. लिहिणारेही काळे नव्हते, आणि इव्हान्स यांच्या कसोटीला ती उतरणार नाही. पण तिने स्टॉल आणि वितरक यांची वाटच धरली नाही. ती गेली चर्चमधून, शाळांतून, संघटनेच्या कार्यकर्त्यांच्या पिशव्यांतून. २००८ साली तिचे अरबी भाषांतर इजिप्तमध्ये वाटले गेले. आणि जॉन लुइस, ज्यांनी स्वतः त्या चळवळीत लाठ्या खाल्ल्या, त्यांनी तिची आठवण ठेवून २०१३ ते २०१६ या काळात ‘मार्च’ ही तीन भागांची चित्रकथा काढली. तिच्या तिसऱ्या भागाला अमेरिकेचे राष्ट्रीय ग्रंथ पारितोषिक मिळाले. एका सामान्य चोपड्याचे आयुष्य इतके लांबले, कारण ते वाहून नेणारे हात चळवळीचे होते.

पुढे तिकडे १९७३ च्या सुमारास खास कॉमिकच्या दुकानांना परतीच्या अटीशिवाय सवलतीत माल देण्याची पद्धत निघाली आणि तिच्यावर अनेक लहान प्रकाशने उभी राहिली. पण ती वाटही शेवटी एकाच मोठ्या वितरकाच्या, डायमंडच्या, अंगणातून जाऊ लागली. जानेवारी २०२५ मध्ये त्या कंपनीने दिवाळे जाहीर केले, आणि लहान प्रकाशकांनी तिच्या गोदामात विक्रीसाठी ठेवलेला माल विकून देणी फेडू द्यावीत अशी मागणी न्यायालयात करण्यात आली. माल तुमचा, कर्ज त्यांचे!

आपल्याकडे काय आहे? २०११ साली नवयान प्रकाशनाने ‘भीमायन’ काढले. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी बाबासाहेबांचे अनुभव चितारले. पात्रांना चौकटीत कोंडायचे नाही असे त्यांनी ठरवले. विखारी शब्दांना त्यांनी विंचवाची नांगी दिली, मऊ शब्दांना पाखराचा आकार दिला. शोषिताने शोषिताचे दुःख स्वतःच्या रेषेत वाचावे, ही फार मोठी घटना आहे आणि आपल्या समीक्षेने तिच्याकडे पुरेसे पाहिलेले नाही. त्याच वर्षी, त्याच प्रकाशनाचे, फुल्यांच्या ‘गुलामगिरी’वरचे ‘अ गार्डनर इन द वेस्टलँड’ही आले. पण दोन्ही मूळ इंग्रजीत, पुस्तकांच्या दुकानांत शिरू शकणाऱ्या वाचकासाठी. माझी तक्रार चित्रकारांविरुद्ध नाही. पुस्तक ज्या वाटेने जाते तीच वाट त्याचा वाचक ठरवते, एवढेच मला म्हणायचे आहे.

आणि आपली वाट तर तयार आहे. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर, धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर पुस्तकांचे जेवढे स्टॉल लागतात, तेवढे पाहून मराठी प्रकाशकांनी तोंडात बोट घालावे. तिथे पुस्तिका खपतात, फोटो खपतात, कॅलेंडरे खपतात. ज्याला वाचता येत नाही तोही काहीतरी विकत घेऊन जातो. तिथे आपली, आपल्या पोरांनी काढलेली, मराठीतली सोळा पानांची चित्रकथा का असू नये? चित्र काढणारी मुले आहेत. भिंतीवर बाबासाहेब रंगवणारे हात प्रत्येक वस्तीत आहेत.

‘ऑल-नीग्रो कॉमिक्स’च्या त्या एकुलत्या एका अंकाची पंचाहत्तरीची आवृत्ती अलीकडे निघाली, आणि २०२४ साली तिला तिकडचे मानाचे आयस्नर पारितोषिकही मिळाले. पारितोषिक मिळायला ७७ वर्षे गेली. कागद तेव्हाच मिळाला असता तर बरे झाले असते.

गेल्या वर्षी दीक्षाभूमीवर मी एका स्टॉलवाल्यापाशी हा विषय काढला. दरवर्षी तो वर्ध्याहून गोण्या घेऊन येतो. त्याने चित्रांबद्दल काही विचारले नाही. आधी विचारले, एका पुस्तकाचे वजन किती होईल? मग विचारले, कमिशन किती? शेवटी म्हणाला, “सर, न खपलेली वापस घेत असाल तर पन्नास ठेवतो. नाही तर वीस.”