सावरपाडा एक्सप्रेसचे बँकर

मंडळी, इगतपुरीत रेल्वेची उपमा द्यायची म्हणजे जरा जपूनच. समोर बसलेल्यांत रेल्वेतून निवृत्त झालेले पुष्कळ असणार. तरी देतो आम्ही.

कविता राऊतला आपण सगळ्यांनी 'सावरपाडा एक्सप्रेस' म्हटलं. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या पाड्यावरची मुलगी. 2010 साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये ब्राँझ, त्याच वर्षी ग्वांगझूच्या एशियाडमध्ये 10,000 ला रौप्य आणि 5,000 ला ब्राँझ. नाव शोभलंच. आज आम्हाला टीका करायची आहे ती तिच्यावर नाही; तिची जी गोष्ट आपण वर्षानुवर्षं सांगतो, तिच्यावर.

कशी सांगतो? डोंगर, अनवाणी पाय, डोक्यावर हंडा, लांबची शाळा, आणि एकदम पदक. मधली वर्षं गायब! प्रशिक्षक विजेंदर सिंग, नाशिकमधला रोजचा सराव, खाणं, विश्रांती हे दोन ओळींत उरकतं. आता तुमचा घाट बघा. कसाऱ्याला गाडीला जादा इंजिनं लागतात, बँकर. 37 ला 1 असा चढ आहे, मागून ढकलल्याशिवाय गाडी चढत नाही. इगतपुरीला बँकर सुटतात. नाशिक रोडला उभं राहून बघणाऱ्याला वाटतं, गाडी आपल्याच जोरावर आली. आपली गोष्ट ही अशी नाशिक रोडला उभं राहून लिहिलेली आहे.

कुणी म्हणेल, गोष्टच आहे, असू द्या. अडचण अशी की या गोष्टीचं वेळापत्रक होतं. बारा वर्षांची पोरं पहाटे घाटरस्त्यावर सोडायची, वर-खाली, वर-खाली. 'डोंगरच ताकद देतो' म्हणायचं. चढताना ठीक आहे. उतरताना मात्र मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेकचं काम करतात, आणि तेही डांबरावर. मुलींची उंची साधारण 12 व्या वर्षाच्या आसपास झपाट्यानं वाढते, मुलांची 14 च्या. नेमकं तेव्हाच गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या हाडाला जिथे उंचवटा असतो तिथे, दुखायला लागतं. पोरगं लंगडतं. 'नाटकं करू नको,' असं त्याला सांगताना आम्ही स्वतःच्या कानांनी ऐकलंय. दोन महिन्यांनी ते पोरगं मैदानावर दिसत नाही. त्याची गोष्ट कुणी सांगत नाही, म्हणून ती वर्तमानपत्रात येत नाही.

आणि गंमत बघा. हीच माणसं सांगतात, मुलांना वजन उचलायला देऊ नका, उंची खुंटते. तंत्र शिकवून, कुणीतरी नीट लक्ष ठेवून करून घेतलेल्या व्यायामानं उंची खुंटत नाही, हे बालरोगतज्ज्ञांच्या संघटना कधीच सांगून चुकल्यात. अहो, आपल्या तालमीत लहानपणापासून जोर-बैठका मारतात, पोरं मल्लखांबावर सगळं अंग पेलतात. तिथे कुणाला उंचीची काळजी वाटली? आठवड्याला दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. बैठका, मग एका पायावरच्या बैठका, लोंबकळून अंग वर उचलणं, उडी मारून आवाज न करता उतरणं. हे नीट जमलं की मग हातात थोडं वजन. पळण्याचा बोजा सोसायला हाडं-स्नायू यातून तयार होतात. खर्चही फारसा नाही.

'आमची हवाच विरळ आहे' हेही इथे ऐकतो. हवा गार आहे, छान आहे. पण इगतपुरी जेमतेम 600 मीटरवर. केनियाचे धावपटू ज्या इतेनला सराव करतात ते सुमारे 2,400 मीटरवर. एवढ्या उंचीवर रक्तात तसा काही फरक पडत नाही हो.

मुलींबद्दल एक बोलायलाच हवं. पळणं वाढतं, ताट तेवढंच राहतं, आणि पाळी थांबते. ते कौतुकानं सांगणारेही भेटलेत: 'बरं झालं, सरावात खंड नाही.' खाणं कमी पडल्याची ती खूण आहे, पुढे हाडं ठिसूळ होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं 2014 मध्ये याला स्वतंत्र नाव देऊन इशारा दिला. हंड्याच्या गोष्टीत मात्र ताटाचा उल्लेख कुठेच नाही.

तेव्हा पुढचा सत्कार ठेवाल तेव्हा खेळाडूच्या शेजारी प्रशिक्षकालाही खुर्ची द्या. हार घालून झाला की विचारा: तेराव्या वर्षी पोरींना आठवड्याला किती पळवता, सुट्टी किती दिवस देता, आणि गेल्या वर्षीच्या तुकडीतल्या किती जणी आज मैदानावर आहेत?