अर्जाआधीचा माणूस

सेवा हक्क कायद्यावर आम्ही टीका करतो म्हणजे तो नको, असं नव्हे. २०१५ च्या या कायद्यानं ठरल्या मुदतीत दाखला मिळणं हा हक्क झाला; न मिळाल्यास अपील. ‘आपले सरकार’वर घरबसल्या अर्ज होतो, सातबारा डिजिटल सहीनिशी निघतो. एकेका उताऱ्यासाठी आम्ही दिवसचे दिवस घालवलेत, त्यामुळे याचं मोल आम्हांला ठाऊक आहे.

पण मुदत मोजतात ती अर्ज दाखल झाल्यापासून. अपीलही अर्जदाराचंच. आपल्या कर्जत-खालापुरातला कातकरी दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातो, पावसाच्या तोंडावर परततो. त्याचा अर्जच झाला नाही, तर त्याच्यापुरतं घड्याळ सुरूच होत नाही! विटा उचलून झिजलेलं बोट यंत्र ओळखत नाही. अनेकांची झोपडी दुसऱ्याच्या जागेत. मग सातबारा कितीही लवकर निघो, त्यावर यांचं नाव कुठून येणार? सुधारला तो कागदाचा प्रवास. (इथलं भिवपुरीचं टाटांचं वीजकेंद्र १९२२ चं, वीज निघाली ती मुंबईसाठी.)

आमचं म्हणणं एवढंच, की अर्ज घेतला नाही याचीही लेखी पोच द्या, ती वाडीवर जाऊन लिहा आणि मुदत त्या दिवसापासून मोजा.