डोंगरी तोफखान्याचे इतिहासकार

इंग्रजी भाषेंत पलटणींचे इतिहास हा ग्रंथांचा एक स्वतंत्र वर्गच आहे. आपल्याकडे घराण्यांच्या बखरी व कैफियती लिहिल्या गेल्या, तसे तिकडे एकेका पलटणीचे, रिसाल्याचे व तोफखान्याचे इतिहास लिहिले गेले. आणि लिहिणारा बहुधा त्याच पलटणींत उमेदीचीं वर्षें घालविलेला निवृत्त अधिकारी असतो. ब्रिगेडियर-जनरल सी. ए. एल. ग्रॅहम यांचा हिंदी डोंगरी तोफखान्याचा इतिहास याच वर्गांतला. तो १९५७ सालीं ऑल्डरशॉट येथें प्रसिद्ध झाला; म्हणजे ज्या सैन्याची ही कथा, त्याची वांटणी होऊन दहा वर्षें लोटल्यानंतर. पुढें १९७३ मध्यें मॅक्फेट्रिज व वॉरन यांनीं संपादिलेला, डोंगरी तोफखान्यांतील आठवणींचा संग्रह निघाला. मराठी वाचकानें असे ग्रंथ कां वाचावेत, आणि वाचतांना कोणता प्रश्न मनाशीं बाळगावा, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

प्रस्तुत लेखक कासारवाडीचा रहिवासी आहे. येथून दापोडी व मुळा नदी ओलांडली कीं खडकीची छावणी लागते. इंग्रजी अमदानींत मुंबई इलाख्यांतील तोफखान्याचें तें मुख्य ठाणें होतें. येथल्याच नाशिक फाट्यावरून निघालेला रस्ता नाशिकास जातो, आणि नाशिकाजवळ देवळाली येथें तोफखान्याचें विद्यालय आहे. असें असूनहि तोफखाना म्हटला कीं आमच्या सुशिक्षितांस पानिपतचा इब्राहिमखान गारदी तेवढा आठवतो. वस्तुतः २८ सप्टेंबर हा भारतीय तोफखान्याचा दिन मानला जातो, तो मुंबईच्या सैन्यामुळें. १८२७ सालीं त्या दिवशीं मुंबईच्या सैन्यांत गोलंदाजांची एक कंपनी उभी राहिली, व तीच पुढें पांचवी मुंबई डोंगरी बॅटरी या नांवानें प्रसिद्ध झाली. खडकीच्या लढाईस तेव्हां पुरीं दहा वर्षेंहि झालीं नव्हतीं. ज्या डोंगरी किल्ल्यांच्या आधारानें मराठ्यांनीं राज्य उभें केलें ते १८१८ च्या उन्हाळ्यापर्यंत एकामागून एक पडले. रायगडावर कर्नल प्रॉथर यानें समोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून गोळे फेकले आणि मे महिन्यांत गड हातीं घेतला. तोफ डोंगरावर चढूं लागली कीं डोंगराचा आसरा संपतो, हें महाराष्ट्रानें फार महाग किंमत देऊन शिकलें आहे. हा इतिहास आपल्याला परका नाहीं, तो एवढ्यासाठीं.

१८५७ च्या उठावांत हिंदी गोलंदाजांनीं आपल्या तोफा धन्यावरच उलटविल्या, आणि त्यानंतर सरकारनें असा निश्चय केला कीं तोफ यापुढें गोऱ्याच्याच हातीं राहावी. बंगाल, मद्रास, मुंबई या तिन्ही इलाख्यांतील हिंदी तोफखाना जवळजवळ सगळा मोडण्यांत आला. वांचल्या त्या सरहद्दीवरच्या कांहीं डोंगरी बॅटऱ्या, मुंबईच्या दोन, आणि हैदराबाद कंटिंजंटच्या थोड्या तोफा. खेचराच्या पाठीवरून जाणारी हलकी तोफ राज्यास धोका करण्याइतकी मोठी नव्हती, हें त्यांच्या वांचण्याचें एक कारण असावें. संस्थानी फौजा सोडल्या तर १९३५ सालीं बंगळुरास हिंदी तोफखान्याची पहिली फील्ड ब्रिगेड उभी राहीपर्यंत हिंदी माणसाला तोफेला हात लावण्याचा रस्ता जवळजवळ हा एकच होता. पाऊणशें वर्षें एका अरुंद दारांतून एक संबंध विद्या जिवंत राहिली, ही गोष्ट साधी नव्हे. या शाखेचा इतिहास केवळ मोहिमांची यादी म्हणून वाचणें म्हणजे त्यांतलें मर्म सोडून देणें होय.

आतां तोफेविषयीं. या ग्रंथांचा खरा जीव तोफ व खेचर यांच्या वर्णनांत आहे, आणि तें योग्यहि आहे. कारण या तोफखान्याची सगळी रचना एका प्राण्याच्या पाठीवर बेतलेली होती. खेचर डोंगरांत वाहूं शकेल असें ओझें खोगिराखेरीज सुमारें दोनशें पौंडांचें. तेव्हां नळी आंखूड ठेवावी तर गोळा दूर जात नाहीं, आणि लांब करावी तर खेचर बसतें. हा पेंच १८८० च्या सुमारास कर्नल ल मझुरियर यांच्या कल्पनेनें सुटला. अडीच इंची तोफेची नळी मधोमध दोन तुकड्यांत केली, प्रत्येक तुकडा सुमारें दोनशें पौंडांचा. जागेवर आल्यावर दोन्ही तुकडे पेंचानें जोडावयाचे. नळीचीं दोन खेचरें, गाड्याचें एक, चाकांचें एक, आंसाचें एक, अशीं पांच खेचरें मिळून एक तोफ होई व तिचा सात पौंडांचा गोळा सुमारें ४००० यार्डांवर जाई. लॉर्ड रॉबर्ट्स १८८० सालीं काबुलाहून कंदाहारास गेला तेव्हां या पेंचाच्या तोफा त्याच्याबरोबर होत्या. ही तोफ तोंडाकडून ठासावी लागे, आणि तिची दारू काळी असल्यामुळें एक बार निघतांच धुराच्या लोटावरून तिची जागा शत्रूस कळे. पुढें दहा पौंडी आणि त्यानंतर ३.७ इंची होविट्झर आली, तिला आठ खेचरें लागत. परंतु कल्पना तीच राहिली.

यांत वाचकानें एक गोष्ट लक्षांत घ्यावी. तोफ खेचरावर चढते ती आपोआप नाहीं. दोनशें पौंडांचा तुकडा दोघांतिघांनीं उचलून जनावराच्या पाठीपर्यंत नेऊन खोगिराच्या खोबणींत बसवावा लागतो, तोहि उतारावर, पावसांत, आणि गोळ्या येत असतांना. तेव्हां गोलंदाज उंच व आडदांड निवडीत. या निवडींतच या कथेचा एक धागा दडलेला आहे; त्याकडे पुढें येतों.

हे इतिहास लिहिणाऱ्यांचा एक गुण मान्य केला पाहिजे: ते पराभव लपवीत नाहींत. १८९९ सालीं दक्षिण आफ्रिकेंत लेडीस्मिथजवळ निकल्सन्स नेक येथें गोऱ्या सैन्याची दहावी डोंगरी बॅटरी रात्रीच्या चालींत असतां खेचरें बुजलीं आणि तोफांचे भाग व दारूगोळा घेऊन अंधारांत उधळलीं. दुसऱ्या दिवशीं ती सगळी तुकडी बोअरांच्या हातीं सांपडली. १० जून १८९७ रोजीं तोची खोऱ्यांत माइझर या गांवीं याहून विलक्षण प्रसंग घडला. सहाव्या मुंबई डोंगरी बॅटरीच्या दोन तोफा घेऊन एक तुकडी गांवांत गेली. जेवणखाण झालें, आणि लगेच घरांतून व गढ्यांवरून गोळ्या सुरू झाल्या. कर्नल बनी, तोफखान्याचा कॅप्टन ब्राउन व लेफ्टनंट क्रुकशँक हे पडले. तुकडींतला एकहि गोरा लष्करी अधिकारी धड राहिला नाहीं. तरी तुकडी मोडली नाहीं. हिंदी सुभेदारांनीं व शिपायांनीं पाऊल मोजीत मागें येऊन तिला वांचविलें.

माइझरची हकीकत इंग्रजींत अनेकदां लिहिली गेली आहे, व प्रत्येक वेळीं आदरानेंच. परंतु तिचा साचा पाहा. पडलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांचीं नांवें, हुद्दे, जखमा, सगळें मिळतें. एकदोन सुभेदारांचींहि नांवें येतात. तोफेपाशीं असलेले गोलंदाज व खेचरांची लगाम धरून उभे असलेले हांकणारे, ज्यांना लष्करी भाषेंत ‘ड्रायव्हर’ म्हणत, ते बहुधा संख्येनेंच येतात. किप्लिंगनें १८९४ च्या आपल्या ‘जंगल बुक’मध्यें एका गोष्टींत पेंचाच्या तोफेचें खेचर बोलतें केलें आहे, त्याला ‘बिली’ असें नांव आहे आणि दुसऱ्या क्रमांकाच्या तोफेचा मागचा भाग वाहण्याचा अभिमानहि आहे. गोष्टीच्या शेवटीं एक हिंदी अधिकारीहि बोलतो, पण त्याला नांव नाहीं. कादंबरीकारास हें क्षम्य असेल, इतिहासकारास नाहीं.

हें असेंच लिहावें लागतें, दुसरा मार्गच नाहीं, असें कोणी म्हणेल, तर त्यानें ऑस्ट्रेलियाचा सरकारी इतिहासकार सी. ई. डब्ल्यू. बीन याच्याकडे पाहावें. २५ एप्रिल १९१५ रोजीं गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर ऑस्ट्रेलियन सैनिकांमागोमाग जी सव्विसावी, जेकबच्या नांवाची, डोंगरी बॅटरी उतरली, ती माइझरच्या सहाव्या मुंबई बॅटरीचेंच पुढचें रूप होती. तिच्या तोफा त्याच दिवशीं पठारावर चढल्या आणि उघड्यावर मारा खाऊन दुपारीं मागें आल्या. बीननें आपल्या लोकांचा इतिहास लिहितांना साध्या शिपायाचें नांव आलें कीं खालीं टीप देऊन तो कोठला, पेशानें काय होता, केव्हां पडला, हें सांगितलें. सुतार, मेंढपाळ, कारकून अशीं माणसें त्याच्या पानांवर उभीं आहेत. म्हणजे साधन असलें व इच्छा असली तर लष्करी इतिहासहि माणसांचा होऊं शकतो.

आतां तो धागा. बॅटरीचें नांव मुंबईचें राहिलें. पण पहिल्या महायुद्धाच्या काळीं तिच्यांत जे गोलंदाज होते ते शीख व पंजाबी मुसलमान होते. मुंबईच्या जुन्या सैन्यांत कोकणांतले व देशावरचे मराठे, महार आणि उत्तरेकडचे परदेशी अशी सरमिसळ असे. लॉर्ड रॉबर्ट्स १८८५ ते १८९३ पर्यंत सरसेनापति होता, आणि दक्षिणेंतील शिपाई आतां लढवय्या राहिला नाहीं हें त्याचें आवडतें मत होतें. १८९५ सालीं तिन्ही इलाख्यांचीं निराळीं सैन्यें मोडून एकच सैन्य झालें. त्याच दशकांत महारांची भरती बंद पडली. वलंगकरांसारख्या माजी सैनिकांनीं याविरुद्ध अर्ज तयार केले, आणि महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली ती १९४१ सालीं. डोंगरी तोफखान्यापुरतें पाहिलें तर उंचीचा नियम हें एक खरें व व्यवहारी कारण होतें, हें मी नाकारीत नाहीं. सह्याद्रीचा काटक, आंखूड बांध्याचा माणूस दोनशें पौंड छातीपर्यंत उचलण्यास गैरसोयीचा वाटला असेल. परंतु उंची हें कामाचें माप आहे आणि ‘लढवय्या जात’ हें माणसाचें. या दोहोंची गल्लत ज्या काळांत झाली त्या काळाचा इतिहास लिहिणाऱ्यानें ती गल्लत उकलून दाखवावयास हवी होती. पलटणीच्या इतिहासकाराला त्याची गरज भासत नाहीं, कारण त्याच्या लेखीं पलटण म्हणजे नांव, क्रमांक, आणि ध्वजावरच्या लढाया. १८२७ चा गोलंदाज व १९१५ चा गोलंदाज यांच्यांत रक्ताचें, भाषेचें, प्रांताचें कांहींच नातें नसलें तरी त्याची कथा अखंड चालते.

आणखी एक उणीव आहे, ती एका वाक्यांत सांगतां येते: सरहद्दीच्या ज्या खेड्यांवर हे गोळे पडले तीं खेडीं या कथेंत नेमबाजीचें लक्ष्य म्हणून येतात, गांव म्हणून नाहीं. रायगडाच्या पायथ्याच्या माणसाला हें वाचतांना निदान क्षणभर थबकावेंसें वाटावें.

परंतु दोष एकट्या साहेबाचाच आहे असें म्हणून सुटतां येणार नाहीं. पेशवाईंतील तोफखान्याचे सरदार पानसे आपल्याला ठाऊक आहेत. सासवडजवळ सोनोरीचा मल्हारगड त्यांनीं बांधला हेंहि पुष्कळांस ठाऊक असतें. त्यांच्या तोफेला बत्ती देणारा, सुतरनाळ उंटावर चढविणारा, दारूची पोतीं वाहणारा कोण होता, हें आम्हींहि विचारलेलें नाहीं. २८ सप्टेंबर आला कीं मुंबईच्या नांवाचा अभिमान वाहणारे लेख आतां दिसूं लागले आहेत. त्यांना माझें एवढेंच सांगणें आहे कीं, १८२७ च्या त्या कंपनींत कोण होते हें आधीं शोधावें. दप्तरांतून आणि हजेरीपटांतून मिळेल तेवढें एकेका गोलंदाजाचें नांव, गांव, उंची आणि पगार यांचा तक्ता करावा, आणि ग्रॅहमच्या पुस्तकाशेजारीं तो तक्ता ठेवावा. मग अभिमान कोणी कशाचा बाळगावयाचा तें ठरवितां येईल.