फरक दिसला की नवे बल?

वर्गात न्यूट्रिनोची ओळख करून देताना एक वाक्य हटकून येते : हा कण कशाचीही दखल न घेता पृथ्वीतून आरपार जातो. वाक्य सोपे आहे, पण अर्धेच खरे आहे. २०२० नंतर न्यूट्रिनोवरील संभाव्य नव्या बलाची जी चर्चा झाली, ती समजून घेताना नेमके हेच वाक्य आड येते.

नकाशावर मुंबई ते सांगली सरळ रेषा ओढा. ती सुमारे ३०० किलोमीटर भरेल. जपानच्या टी-टू-के प्रयोगात न्यूट्रिनो जवळजवळ एवढाच, २९५ किलोमीटरचा प्रवास करतात. अशी शलाका मुंबईहून सांगलीला सोडली, तर पृथ्वीच्या गोलाईमुळे ती सातारा जिल्ह्यात, वाई-महाबळेश्वरच्या परिसरात, समुद्रसपाटीच्या सुमारे पावणेदोन किलोमीटर खालून जाईल. खडक तिला अडवणार नाही. मात्र खडकातील इलेक्ट्रॉन क्षीण बलाद्वारे इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनोवर जो जादा परिणाम करतात, तो म्यूऑन व टाऊ न्यूट्रिनोंवर करत नाहीत. त्यामुळे एका प्रकारच्या न्यूट्रिनोचे दुसऱ्यात रूपांतर होण्याचे प्रमाण बदलते. वोल्फेन्स्टाइन यांनी हे १९७८ साली दाखवले.

आज ठाऊक नसलेले एखादे बल असेल, तर त्याचाही ठसा असाच उमटेल. अमेरिकेच्या नोव्हा प्रयोगात अंतर ८१० किलोमीटर असून न्यूट्रिनोंची ऊर्जा टी-टू-केच्या सुमारे तिप्पट आहे. साहजिकच तेथे खडकाचा परिणाम अधिक. २०२० मध्ये या दोन प्रयोगांच्या निष्कर्षांचा नीट मेळ बसेना. नवे बल मानल्यास तो बसतो, असे २०२१ मध्ये दोन संशोधक-गटांनी मांडले.

युक्तिवाद सुसंगत आहे. पण तेवढ्यावर तो पटत नाही. नव्या बलाबरोबर त्याची तीव्रता आणि कला असे दोन मोकळे आकडे हाती येतात. ते हवे तसे बदलता आले, तर दोन प्रयोगांतील तफावत मिटली यात नवल ते काय? शिवाय मेळात झालेली सुधारणा जेमतेम दोन प्रमाण विचलनांची होती. एवढा फरक निव्वळ योगायोगानेही विसांतून एकदा पडू शकतो. पुढे दोन्ही प्रयोगांनी आपल्या नोंदी एकत्र तपासल्या. २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या या विश्लेषणात नेहमीच्या तीन न्यूट्रिनोंच्या चित्रातच त्या सामावल्या.

यावरून नवे बल नाही असे सिद्ध होत नाही. त्याची खरी कसोटी निराळी आहे. अमेरिकेतील नियोजित ड्यून प्रयोगाचे अंतर १,३०० किलोमीटर आहे, तर जपानच्या हायपर-कामिओकांडेचे २९५. बल खरे असेल, तर आधीच ठरलेल्या त्याच आकड्यांनी ड्यूनमधला मोठा आणि जपानमधला लहान परिणाम वर्तवता आला पाहिजे. 'नवे बल सापडले' अशी बातमी विद्यार्थ्यांनी आणली, तर शिक्षकांनी एवढेच विचारावे : हे आकडे प्रयोगाआधी ठरले होते की नंतर?