संजीवकाचे डुरकणे आणि दमनकाचे ‘म्हणे’

पंचतंत्रातील पशुपक्षी मनुष्यवाणीने बोलतात, यासंबंधी दोन प्रकारची मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो की ही शास्त्राला सोडून केलेली कल्पना असून ती बालरंजनापुरतीच ठीक आहे. दुसरा पक्ष नव्या संशोधनाने हर्षित होऊन सांगतो की प्राण्यांना भाषा आहेच, विष्णुशर्म्याने ती आधीच ओळखली होती. हे पक्ष परस्परविरोधी दिसले तरी दोघांचे गृहीत एकच आहे. कथेतील पशू पशूंचीच भाषा बोलतात, असे दोघेही धरून चालतात. ‘मित्रभेद’ हे पहिले तंत्र सावकाश वाचले, तर पशूचा आवाज कोठे संपतो आणि मनुष्याची भाषा कोठे सुरू होते, ही सीमारेषाच त्या कथेचा प्राण आहे, असे आम्हांस वाटते.

प्रथम शास्त्राची साक्ष काढू. मधमाश्यांच्या नृत्याचा अर्थ कार्ल फॉन फ्रिश यांनी उलगडला. १९७३ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला तो अशाच कार्याबद्दल. दूरवर मकरंद सापडलेली माशी पोळ्यात परतते आणि अंधारात, उभ्या पोळ्यावर, शरीर थरथरवीत एका सरळ रेषेत चालते. त्या रेषेचा उभ्या दिशेशी होणारा कोन सूर्याच्या संदर्भात फुलांची दिशा सांगतो, आणि थरथरीचा काळ अंतर सांगतो. समोर नसलेल्या वस्तूविषयी एवढी नेमकी वार्ता देणारा हा कीटक पाहून कोणीही थक्क व्हावे. तथापि १९५२ साली फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ एमिल बेन्व्हेनिस्त यांनी एका लेखात या नृत्याची मर्यादा दाखविली. नृत्याला उत्तर म्हणून नृत्य होत नाही. पाहणारी माशी फक्त उडून जाते. येथे संवाद नाही. शिवाय जी माशी स्वतः फुलांपर्यंत गेली नाही, ती दुसरीकडून कळलेली वार्ता तिसरीला सांगत नाही. आमच्या मराठीत ज्यासाठी ‘म्हणे’ हा एक लहानसा शब्द आहे, तोच नेमका पोळ्यात नाही.

यानंतर शास्त्र पुढे गेले आहे, हे मान्य केलेच पाहिजे. केनियातील अंबोसेली येथील व्हर्वेट माकडांचा अभ्यास सेफार्थ, चेनी व मार्लर यांनी १९८० साली प्रसिद्ध केला. बिबळ्या, गरुड आणि साप यांच्यासाठी त्या माकडांचे इशारे निरनिराळे असतात. ध्वनिमुद्रित इशारा ऐकवला, तरी पहिल्याने ती झाडावर धावतात, दुसऱ्याने वर पाहतात, तिसऱ्याने गवतात न्याहाळतात. कालाहारीतील कोतवाल पक्षी तर इतर प्राण्यांच्या धोक्याच्या हाकांची नक्कल करून त्यांना पळवून लावतो आणि त्यांचे भक्ष्य पळवितो. तेव्हा ‘फसवणूक ही केवळ मनुष्याची’ असा अभिमान आता धरता येणार नाही. पण कोतवालाचे असत्य ‘आत्ता, येथे धोका आहे’ एवढ्यापुरतेच असते. काल अमक्याने तमक्याविषयी काय म्हटले, हे त्याला रचता येत नाही.

आता मित्रभेदाकडे वळू. त्याचा आरंभ शब्दाने होत नाही, ध्वनीने होतो. यमुनातीरी सोडून दिलेला संजीवक बैल कोवळ्या गवतावर पुष्ट होऊन डुरकतो. पाण्यावर आलेला पिंगलक सिंह तो अनोळखी आवाज ऐकून पाणी न पिताच परततो. साऱ्या कथेत खराखुरा पशूचा आवाज काय तो हाच! दमनक कोल्हा सिंहाला रणभूमीवरील नगाऱ्याची गोष्ट सांगतो. वाऱ्याने हलणाऱ्या फांद्यांचा मार बसून वाजणारा तो नगारा भुकेल्या कोल्ह्याने फोडला, तो आत लाकूड आणि कातडे यांवाचून काही निघाले नाही. नुसत्या ध्वनीचे भय जवळ जाऊन पाहिल्याने फिटते. सिंहाचेही फिटले, आणि बैल त्याचा मित्र झाला.

पुढचे भय मात्र जवळ जाऊन पाहिल्याने फिटत नाही, कारण ते शब्दांचे आहे. दमनक सिंहाला सांगतो, तुला मारून राज्य घेण्याचा बेत संजीवकाने मला विश्वासाने सांगितला. बैलाला सांगतो, तुला मारून तुझ्या मांसाने परिवार तृप्त करणार, असे स्वामी म्हणाले. दोन्ही वेळा त्याचे शस्त्र एकच, ते म्हणजे ‘म्हणे’. त्यावर कडी म्हणजे, समोरच्याच्या अंगावर शत्रुत्वाची कोणती चिन्हे दिसतील, हेही तो आधीच सांगून ठेवतो. मग दोघे भेटतात. प्रत्येक जण भयाने सावध झालेला असतो, आणि दुसरा त्या सावधपणातच वैर वाचतो. देहाची चिन्हे खोटी नव्हती; त्यांचा अर्थ शब्दांनी आधीच नासवला होता. बैल मरतो, सिंह शोक करतो. पशूच्या आवाजाने जोडलेली मैत्री माणसाच्या भाषेने मोडली.

म्हणून या कथेत पशू मनुष्यवाणीने बोलतात हा दोष नव्हे. तोच तिचा विषय होय. जी शक्ती निसर्गाने पशूस दिली नाही, ती त्यांच्या ठायी ठेवली की तिचे स्वरूप उघडे पडते. मनुष्याच्या मुखी ती इतकी सवयीची झालेली असते की आपल्याला दिसतच नाही. ‘चहाडखोरापासून सावध राहावे’ एवढे तात्पर्य फळ्यावर लिहून पाठ संपविणाऱ्या आम्हां शिक्षकांच्या हातून येथे मोठे धन निसटते. विद्यार्थ्याला प्रश्न विचारावा तो असा: सिंहाने बैलाला एकदा तरी ‘तू असे म्हणालास काय?’ असे विचारले काय? बैलाने तरी सिंहाला विचारले काय? वाणी दोघांनाही होती. परंतु प्रश्न कोणीच केला नाही. माशी उत्तर देत नाही, कारण तिला ते देता येत नाही. पिंगलक आणि संजीवक यांना विचारता येत होते, आणि त्यांनी विचारले नाही. आमच्या मते मित्रभेदाची खरी शोकांतिका हीच आहे.