धवलारिणीसाठी दालन

आपल्या शिल्पांत आणि संग्रहालयांत आई भेटते ती बहुतेक वेळा देवी म्हणून, नाहीतर पराक्रमी पुत्राची माता म्हणून. यातली कला थोर आहे, यात शंकाच नाही. अजिंठ्याच्या २ क्रमांकाच्या लेण्यातली हारीती पाहा. मांडीवर मूल आहे आणि खाली पीठावर शाळा भरली आहे: पुढची पोरं अभ्यासाला बसलेली, गुरुजींच्या हातात छडी, मागच्यांची मस्ती चालूच. मूल वाढवणं म्हणजे काय, हे त्या शिल्पकाराला नेमकं ठाऊक होतं.

पण बाई स्वतः बोलते असं आपल्याकडे कुठे आहे? नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे. ३ क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, नातू पुळुमावीच्या १९व्या राज्यवर्षातला. लेण्याचं दान तिचं आणि दिवंगत मुलाच्या पराक्रमाचं वर्णनही तिच्याच लेखात. या मुलाचं, म्हणजे सातकर्णीचं, राज्य कुठवर होतं याचा पुरावा म्हणून अभ्यासक हा लेख वाचतात. मला तो मुलाच्या मागे उरलेल्या आईने दगडात कोरून घेतलेला मजकूर वाटतो, आणि आईपणाच्या कोणत्याही प्रदर्शनात तो पहिल्या भिंतीवर असावा. जिजाऊंचीही आपल्याला एकच बाजू दाखवली जाते. १६६६ साली शिवाजी महाराज आग्र्याला गेले तेव्हा राज्याचा कारभार पाहणाऱ्या जिजाऊ पुतळ्यांत फारशा दिसत नाहीत. तिथे बाळराजांना घडवणारी आईच पुन्हा पुन्हा उभी राहते.

घरातल्या बाईच्या वस्तू जमवण्यात पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाला तोड नाही. अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने काकासाहेब केळकरांनी ते उभारलं आणि कमलाबाईंनी त्यांना साथ दिली. अडकित्ते, वज्री, करंडे, दिवे, स्वयंपाकघरातली भांडी: एकेका वज्रीवरची कारागिरी पाहत माणूस खिळून राहतो. मात्र अशा वस्तूंखालच्या पाटीवर आपल्याकडे बहुधा धातू, प्रदेश आणि शतक एवढंच येतं. त्या वापरणारीचा आवाज दुसरीकडेच जपला गेला. हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हाँ यांच्या प्रकल्पात खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा झाल्या, अनेक ओव्या गाणारीच्या नावागावासह. म्हणजे जातं एका दालनात आणि ओवी दुसऱ्या संग्रहात. आपल्या मांडणीतली ही सगळ्यात मोठी उणीव आहे. लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटलने हे कसं साधलं ते पाहण्यासारखं आहे. या अनाथाश्रमात मूल सोडून जाणाऱ्या आयांनी ओळखीसाठी ठेवलेली नाणी, फिती, कापडाचे तुकडे मुलाच्या दाखल्याच्या नोंदीसोबत जपले गेले. चिंधी आणि कागद शेजारी आले की त्या आईबद्दल वेगळं काही सांगावंच लागत नाही.

आता नावड्याकडे येऊ. तळोज्याच्या कारखान्यांशेजारचं पनवेल तालुक्यातलं हे गाव सिडकोच्या नकाशावर आता एक नोड आहे. या पट्ट्यातल्या आगरी लग्नात धवलारीण धवले गाते. मांडव असो, हळद असो, विधी तिच्या गाण्याने पुढे सरकतो. पोथी नाही, सगळं तोंडपाठ, एकीकडून दुसरीकडे आलेलं. मराठीची आद्य कवयित्री महदंबा हिच्या तेराव्या शतकातल्या रचनेचं नावही ‘धवळे’ आणि विषयही लग्नाचाच, कृष्ण-रुक्मिणीचा. इतक्या लांबच्या परंपरेतली बाई आज नवी मुंबईत गाते आहे, आणि बँजो-डीजेच्या हळदीत तिचा आवाज दबतो आहे, हे मला फार लागतं.

तिच्यासाठी मोठी इमारत नको. गावातली एखादी खोली पुरे: हळदीचं जातं, पाटा-वरवंटा, आणि त्यांच्याशेजारी तिच्याच आवाजातले धवले. पाटीवर तिचं नाव, माहेर, सासर आणि ती कुणाकडून शिकली ते. एक अट मात्र पाळावी. ध्वनिमुद्रण स्टुडिओत करू नये. धवला विधीशी बांधलेला असतो. कोणत्या वेळी कुणाला उद्देशून गायचं, कुठे थांबायचं, हे मांडवातच कळतं. म्हणून नोंद लग्नसराईत, हळद लागत असतानाच व्हायला हवी, आणि सोबत धवले शिकणारी एखादी तरुण मुलगी बसलेली असावी.