हिरव्या दिव्याचा गंधार

संगीत आणि तंत्रज्ञान हा विषय निघाला की आपल्याकडे दोनच सूर लागतात. एक गुरुकुल बुडाल्याचा, दुसरा घरबसल्या पंडित होण्याचा. दोन्ही कंटाळवाणे आहेत. इलेक्ट्रॉनिक तंबोरा गेली चाळीसेक वर्षं गाण्याच्या वर्गात आहे. मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी त्याला नाही, हे कबूल. पण दहा बाय बाराच्या खोलीत पहाटे रियाज करणाऱ्या मुलीला तो षड्ज-पंचम देतो आणि पुढचं तिच्या कानावर सोडतो. तालमीचं ध्वनिमुद्रण, तान संथ करून ऐकवणारं सॉफ्टवेअर, ठेक्याचं अ‍ॅप या सगळ्यांचीही जात तीच: ऐकण्यासाठी काहीतरी पुरवणारी.

माझी तक्रार दुसऱ्या जातीबद्दल आहे. हे अ‍ॅप विद्यार्थ्याच्या वतीने स्वतःच ऐकतं. गायलेला स्वर मोजतं आणि पडद्यावर हिरवा किंवा लाल दिवा लावतं.

मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे या दिव्यामागे काय चालतं ते सांगता येईल. आवाजाचे सेकंदाच्या काही शतांशांएवढे तुकडे पाडायचे, प्रत्येकातली कंपनसंख्या काढायची आणि ती एका तक्त्याशी ताडायची. तक्ता बहुधा पेटीचा, म्हणजे सप्तकाचे बारा समान भाग केलेला. दोन पट्ट्यांमधलं अंतर १०० सेंट. षड्जापासून शुद्ध गंधार ४०० सेंटवर.

आता शेजारी तंबोरा लावा. खर्जाच्या तारेतून तिच्या पाचपट कंपनांचा स्वर आपोआप उमटतो. तोच तंबोऱ्यातला स्वयंभू गंधार. तो मध्य सप्तकात उतरवला तर ३८६ सेंटवर पडतो. मधला षड्ज २०० कंपनांचा धरला तर तंबोऱ्याचा गंधार २५०, पेटीचा जवळपास २५२. (गंमत म्हणजे मोबाइलचा चिमुकला स्पीकर खर्ज गिळून टाकतो, पण हा वरचा गंधार सुखरूप बाहेर येतो.) आणि मुलं बहुतेक ठिकाणी आधी शिकतात तो राग भूप, त्याचा वादी स्वर नेमका गंधारच.

म्हणजे एकाच फोनवर तंबोरा एक गंधार सांगतोय आणि परीक्षक दुसरा. कोण जिंकणार, हे ठरवतो कोडमधला एक आकडा: किती सेंटची चूक माफ करायची. तो २५ ठेवला तर दोन्ही गंधार हिरवे. 'अधिक अचूक' आवृत्ती म्हणून तो १० वर आणला, तर तंबोऱ्यात मिसळून गेलेला आवाज लाल आणि तंबोऱ्याशी किंचित थरथरणारा हिरवा. प्रत्येक गवई २५० वरच उभा राहतो असं मुळीच नाही. पण विद्यार्थिनीला लाल दिसतं तेव्हा ती स्वर चढवते. कान 'मिळाला' म्हणत असताना चढवते. हे महिनोन्‌महिने चाललं की ती कानाला विचारणंच सोडून देते. दरबारीचा गंधार तर मी काढतच नाही. जो स्वर आंदोलनातच जगतो, त्याला चौकटीत उभं राहायला सांगणारं यंत्र त्याबद्दल बोलूच शकत नाही.

हा वाद नवा नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँ यांची मदत घेऊन श्रुती मोजल्या, १९१० मध्ये त्यावर पुस्तक काढलं, पुढे श्रुतींची पेटीही आली. भातखंड्यांना ते गणित पटलं नाही. १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली, ती १९७१ मध्ये सैल होऊ लागली. बंदी मला अतिरेकी वाटते. याच पेटीवर कित्येक घरं गाती झाली. पण त्या भांडणात पेटी सर्वांसमोर मांडलेली होती. तिच्या पट्ट्या कुणालाही वाजवून पाहता येत. आज तीच पेटी कोडच्या एका ओळीत आहे. तिचा भाता दिसत नाही, म्हणून कुणी भांडत नाही.

याहून शहाणं काम होऊन गेलं आहे. मुंबईच्या एन.सी.पी.ए.मध्ये सुवर्णलता राव आणि विम व्हॅन डर मेर यांनी गायनाचे आलेख केले. ध्वनिमुद्रण वाजत असताना स्वराची रेघ पडद्यावर सरकते. मींड कुठून निघाली, कुठे रेंगाळली ते दिसतं. बरोबर-चूक असा शिक्का त्यावर नाही. वर्गात शिक्षकाने ती रेघ थांबवावी आणि विचारावं, इथे काय ऐकू आलं?

अ‍ॅप लिहिणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंकडे मागणं फार नाही. कुठला तक्ता वापरला ते पहिल्या पानावर लिहा. माफीचा आकडा शिक्षकाच्या हाती द्या. आणि दिवा लावण्याआधी दोन आवर्तनं थांबा, तोवर मुलीला स्वतःच सांगू द्या, लागला की नाही.